निळं पुस्तक, धडे १९ ते २५: वॉर्डात बोलायच्या इंग्रजीसाठी कितपत कामाचं?

‘मॅडम, निळं पुस्तक घेऊ का?’ हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये कुणी ना कुणी विचारतंच. निळं पुस्तक म्हणजे रेमंड मर्फी यांचं, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’. पहिली आवृत्ती १९८५ ची, सध्या बाजारात आहे ती पाचवी, २०१९ ची. एकूण १४५ धडे. मी मिरजेत नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवते. त्यातल्या बहुतेक जणी इंग्लंड किंवा आयर्लंडला जाण्यासाठी ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करत असतात. म्हणून मी अख्ख्या पुस्तकाबद्दल लिहीत नाही. भविष्याबद्दल इंग्रजीत कसं बोलायचं, हे सांगणाऱ्या धडा १९ ते २५ या सात धड्यांबद्दलच लिहिते. पुस्तक घ्यावं की नाही याचा निर्णय माझ्या मते याच सात धड्यांवर होतो.

आधी उत्तर देते: घ्या. पण उत्तरांसह असलेली आवृत्ती घ्या, आणि धडे छापलेल्या क्रमाने करू नका. का, ते पुढे येतंच.

हेच धडे का निवडले? नर्सचं निम्मं बोलणं भविष्याबद्दलचं असतं. आता सुई टोचणार आहे, थोडं दुखेल, डॉक्टर दहाला येतात, उद्या तुम्हाला घरी सोडतायत, रात्री बारानंतर काही खायचं नाही, मी पाच मिनिटांत येते. ओईटीच्या बोलण्याच्या परीक्षेत दोन रोल प्ले असतात, साधारण पाच-पाच मिनिटांचे, आणि दोन्हींमध्ये पेशंटला ‘आता पुढे काय होणार’ हे समजावून सांगावंच लागतं. तिथे आपल्या मुली सरसकट ‘विल’ वापरतात. ‘आय विल चेक युअर बीपी. देन डॉक्टर विल कम. देन ही विल गिव्ह यू मेडिसिन. देन यू विल गो होम.’ व्याकरणाची चूक म्हणावी अशी यात एकही नाही. तरी ऐकणाऱ्याला हे कागदावरून वाचून दाखवल्यासारखं वाटतं, आणि कुठली गोष्ट ठरलेली आहे, कुठली आत्ता सुचली आहे, कुठली नुसता अंदाज आहे, हे पेशंटला कळतच नाही.

हे शाळेतून आलंय. आपल्याला भविष्यकाळ शिकवला तो चार चौकटींच्या तक्त्यात: साधा, चालू, पूर्ण आणि चालू-पूर्ण. प्रत्येक चौकटीत ‘शॅल’ नाहीतर ‘विल’. ‘आय’ आणि ‘वी’ला शॅल, बाकी सगळ्यांना विल. हा नियम १६५३ साली जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजीच्या व्याकरणात सांगितला. अनंताचं आडवं आठ चिन्ह गणितात आणलं तेही याच वॉलिसने. पुढे शाळाशाळांतून तो नियम पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतला गेला आणि आपल्याकडे अजून टिकून आहे. मुळात ‘विल’ हे जुन्या इंग्रजीत ‘इच्छिणे’ या अर्थाचं क्रियापद होतं आणि ‘शॅल’ हे ‘देणं लागणे’ या अर्थाचं. त्या जुन्या अर्थांचा अंश आजही त्यांच्यात उरलेला आहे. मराठीत क्रियापदालाच ‘-ईन, -शील, -एल’ लागतं, तसं इंग्रजी क्रियापदाला भविष्यासाठी काहीच लागत नाही. म्हणून इंग्रजीत भविष्यकाळ नावाचा काळच नाही, भविष्याबद्दल बोलायच्या वेगवेगळ्या रीती तेवढ्या आहेत, असं आज बरेच अभ्यासक मानतात. मर्फी हा वाद पुस्तकात कुठेही घालत नाहीत. पण त्यांच्या धड्यांची रचना पाहिली की ते कुणाच्या बाजूचे आहेत हे लगेच कळतं: भविष्याचा पहिलाच धडा, १९ वा, वर्तमानकाळाच्या रूपांवर आहे. ‘विल’ येतं थेट २१ व्या धड्यात. शाळेतून आलेल्या विद्यार्थिनीचा गोंधळ दूर करायला एवढा क्रमही पुरेसा आहे.

पुस्तकाची मांडणी सगळीकडे सारखीच. डाव्या पानावर समजावणं, उजव्या पानावर स्वाध्याय. एक धडा म्हणजे समोरासमोरची दोन पानं, पान उलटावं लागत नाही. दिवसभर ड्यूटी करून आलेल्या मुलीला ‘आज एवढी दोनच पानं’ म्हणता येतं, ही मला फार मोठी सोय वाटते.

एकोणिसाव्या धड्यात डाव्या पानावर एका माणसाची पुढच्या आठवड्याची डायरी आहे. सोमवारी टेनिस, मंगळवारी दातांचा डॉक्टर वगैरे. ठरवून, वेळ घेऊन ठेवलेल्या गोष्टींना ‘ही इज प्लेइंग’, ‘ही इज गोइंग’ असं चालू वर्तमानकाळाचं रूप. त्याखाली गाड्यांची, सिनेमांची वेळापत्रकं, त्यांना साधा वर्तमानकाळ. आपल्या मुलींना हे समजावायला मला एक मिनिटही लागत नाही, कारण मराठीत त्या हेच करत असतात. ‘मी उद्या सांगलीला चाललेय’, ‘महालक्ष्मी रात्री सुटते’ असंच त्या बोलतात, ‘महालक्ष्मी रात्री सुटेल’ असं नाही. इंग्रजी बोलताना मात्र डोक्यातला तक्ता आडवा येतो.

वॉर्डात याचा उपयोग कुठे होतो, तर ड्यूटी लिस्टपाशी. इनचार्जने विचारलं की पुढच्या आठवड्यात तू कधी आहेस, तर ‘आय’म वर्किंग नाइट्स नेक्स्ट वीक’. यादी लागलीय, नाव छापलंय, विषय संपला. ‘आय विल वर्क नाइट्स’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, ही आत्ता, या क्षणी, आपण होऊन रात्रपाळी घ्यायला तयार झाली. पेशंटच्या बाबतीतही तेच. ‘शी इज हॅविंग हर स्कॅन ॲट टेन’ म्हणजे स्कॅन ठरलाय, विभागाला कळवलंय, नेणारा माणूस येतोय. ‘शी विल हॅव अ स्कॅन’ म्हणजे कधीतरी होईल. हँडओव्हर घेणाऱ्या, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती घेणाऱ्या, दुसऱ्या नर्ससाठी या दोन वाक्यांत पुष्कळ फरक आहे. पहिलं ऐकून ती पेशंटचा नाश्ता थांबवायचा का हे विचारेल, दुसरं ऐकून कदाचित विचारणार नाही.

विसावा धडा ‘गोइंग टु’चा. त्याचे दोन भाग आहेत. आधीच मनात ठरवलेली गोष्ट हा पहिला, आणि समोर लक्षणं दिसतायत म्हणून होणारच अशी गोष्ट हा दुसरा. दुसऱ्या भागासाठी एक चित्र आहे: माणूस समोर न बघता चाललाय आणि पुढे भिंत आहे. चित्र साधं आहे पण डोक्यात बसतं. मी त्याला वॉर्डातलं एकच वाक्य जोडते. पेशंट पांढराफटक पडलाय, घाम फुटलाय, तोंडावर हात गेलाय. अशा वेळी ‘ही’ज गोइंग टु बी सिक!’ ऐकलं की शेजारची नर्स ट्रे घेऊन धावते. ‘ही विल बी सिक’ ऐकून कुणी जागचं हलणार नाही, ते आजच्या जेवणाबद्दलचं मत वाटेल. आपल्या मराठीतही ‘हा ओकणार आहे’ आणि ‘हा ओकेल’ यांत नेमका हाच फरक आहे, आणि ओरडायची वेळ आली की आपण ‘ओकणार’च म्हणतो. हे एकदा लक्षात आलं की मुली ‘गोइंग टु’ विसरत नाहीत.

एक गोष्ट मात्र पुस्तक सांगत नाही. ब्रिटिश नर्स पेशंटला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी ‘आय’म जस्ट गोइंग टु...’ म्हणते. ‘आय’म जस्ट गोइंग टु पॉप दिस ऑन युअर आर्म’ म्हणजे बीपीचा पट्टा बांधते हं. यात ‘गोइंग टु’ बेत सांगण्यापेक्षा परवानगी मागण्याच्या जवळ जातं, आणि ‘जस्ट’मुळे पेशंटला दिलासा मिळतो. रक्त काढताना ‘शार्प स्क्रॅच’ हे शब्द तिकडे ठरलेलेच आहेत, त्याआधीही हेच येतं. व्याकरणाच्या पुस्तकाकडून हे सगळं मिळावं अशी अपेक्षा नाही, पण नर्सिंगच्या मुलींनी हा धडा करताना वहीत वेगळं पान यासाठी ठेवावंच.

आता मला सगळ्यात आवडणारा धडा: तेविसावा, ‘आय विल’ की ‘आय’म गोइंग टु’. एकविसावा आणि बाविसावा त्यानंतर घेते. तेविसाव्याचं डावं पान दोन प्रसंगांवर उभं आहे. पहिल्यात दोघं बोलता बोलता पार्टी करायचं ठरवतात. कल्पना त्या क्षणी सुचते, म्हणून तिथे ‘वी’ल’. नंतर त्यांतली एक जण तिसऱ्याला भेटते आणि तीच बातमी सांगते, तेव्हा ‘वी’आर गोइंग टु’. गोष्ट तीच, माणसंही तीच, फक्त मधे थोडा वेळ गेलाय आणि निर्णय जुना झालाय. पानभर नियम लिहूनही जे कळलं नसतं ते इथे चार-पाच ओळींच्या संवादात कळतं. मर्फींची ताकद मला या पानावर सगळ्यात जास्त दिसते.

मी हे वर्गात असं करून घेते. एक मुलगी पेशंट, एक नर्स, एक इनचार्ज. पेशंट म्हणते, सहा नंबरचं सलाइन संपत आलंय. नर्सला हे आत्ताच कळलंय, तर ती म्हणणार: ‘ओ, आय’ल चेंज इट.’ ती बाटली आणायला निघते, वाटेत इनचार्ज भेटते आणि म्हणते, सहा नंबरचं सलाइन संपलंय. आता नर्सचं उत्तर काय? ‘आय नो, आय’म गोइंग टु चेंज इट.’ इथे पुन्हा ‘आय’ल चेंज इट’ म्हटलं तर त्याचा अर्थ होतो, बरं झालं सांगितलंत, माझं लक्षच नव्हतं. काम व्यवस्थित करणारी मुलगी एका क्रियापदापायी बेफिकीर ठरते. परक्या देशात, नव्या वॉर्डात, तुमच्याबद्दल अजून कुणाचंच मत बनलेलं नसताना ही किंमत लहान नाही. आपल्या मुली हातांनी उत्तम काम करतात. त्यांचं काम त्यांच्या बोलण्यातूनही दिसावं, यासाठीच मी या धड्यावर इतका वेळ घालवते.

याचा उलटा प्रकारही होतो. पेशंट म्हणतो, तहान लागलीय. ‘गोइंग टु’ नव्यानेच शिकलेली मुलगी उत्साहाने म्हणते, ‘आय’म गोइंग टु गेट यू सम वॉटर.’ पेशंटला वाटतं, हिचं पाणी आणायचं आधीच ठरलं होतं, मग इतका वेळ आणलं का नाही? कुणी काही मागितलं, अडचण सांगितली, की पटकन तोंडातून यायला हवं ते ‘आय’ल’. मराठीत आपण म्हणतो ‘आणते हं’ किंवा ‘थांबा, देते’. तिथे आपण वर्तमानकाळ वापरतो, म्हणून मुली कधीकधी ‘आय ब्रिंग’ही म्हणून जातात. एकविसाव्या धड्यात हे आलंय, की नुसतं ‘आय डू’ इथे चालत नाही. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ती ओळ पेन्सिलने अधोरेखित करून द्यावी लागते.

एकविसावा आणि बाविसावा हे दोन्ही ‘विल’ आणि ‘शॅल’चे. त्यांतल्या दोन गोष्टी सोन्यासारख्या आहेत. पहिली, ‘शॅल आय?’ जुना शॅल-विलचा नियम मर्फी दोन ओळींत आवरतात: ‘आय शॅल’ म्हणता येतं, पण बोलताना लोक ‘आय’ल’ म्हणतात. आणि मग शॅल आज खरोखर कशासाठी वापरतात ते दाखवतात, म्हणजे विचारण्यासाठी. ‘शॅल आय क्लोज द कर्टन?’ म्हणजे पडदा ओढू का? ‘शॅल वी ट्राय सिटिंग अप?’ म्हणजे जरा उठून बसू या का? आपल्या ‘-ऊ का’ला इंग्रजीत इतकं बरोबर बसणारं दुसरं काही नाही. आपल्या मुली इथे ‘डू आय क्लोज’ किंवा ‘कॅन आय क्लोज’ म्हणतात. ‘कॅन’ चालतं, पण ‘शॅल’मध्ये मदतीची तयारी दिसते.

दुसरी गोष्ट ‘वोन्ट’. ‘ही वोन्ट ईट’ याचा अर्थ तो खाणार नाही एवढाच होत नाही. त्याला खायला सांगितलंय आणि तो नकार देतोय, असाही होतो. मर्फी ‘वोन्ट’चा हा नकाराचा अर्थ मोजक्या उदाहरणांत स्पष्ट करतात. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्या पेशंटबद्दल ‘ही वोन्ट ईट टिल टुमॉरो’ म्हटलं, तर ऐकणारा नर्सच्या मनात नसलेला अर्थ काढू शकतो. तिथे ‘ही’ज निल बाय माउथ’ (त्याला तोंडावाटे काही द्यायचं नाही) हेच वॉर्डातलं इंग्रजी.

चोविसाव्या धड्यात ‘विल बी डूइंग’ आणि ‘विल हॅव डन’. सिनेमाच्या रांगेचं चित्र आहे: अर्ध्या तासाने लोक आत बसून सिनेमा बघत असतील, तीन तासांनी सिनेमा संपलेला असेल. छान आहे, मुलींना पटकन कळतं, कारण ‘बघत असतील’ आणि ‘संपलेला असेल’ ही आपलीच रूपं. पण नर्सच्या दृष्टीने या धड्यातला सगळ्यात मोलाचा भाग वेगळा आहे आणि त्याला जागा कमी मिळालीय. शिफ्टच्या सुरुवातीला तिकडची नर्स पेशंटला म्हणते, ‘आय’ल बी लुकिंग आफ्टर यू टुडे.’ किंवा ‘द फिजिओ विल बी कमिंग टु सी यू धिस आफ्टरनून.’ त्या वेळी काय चालू असेल, हे यात सांगायचं नसतं. नेहमीच्या रीतीने, ओघात होणारी गोष्ट आहे, कुणी तुमच्यावर लादत नाही, असा सूर असतो. ‘आय विल लुक आफ्टर यू’मध्ये वचन आहे, थोडं जड वाटणारं. ‘आय’ल बी लुकिंग आफ्टर यू’मध्ये आज माझी ड्यूटी इथे आहे, एवढंच. मर्फी याचा उल्लेख करतात आणि पुढे जातात. मला इथे आणखी अर्धं पान हवं होतं. ओईटीच्या रोल प्लेची सुरुवात या एका वाक्याने झाली की मुलीचा आवाजच सैल होतो, हे मी वर्गात बघते.

आणि पंचविसावा. हा शेवटी छापलाय आणि माझ्या मते सगळ्यात आधी करायला हवा, निदान एकोणिसाव्याच्या पाठोपाठ. ‘व्हेन’, ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘अंटिल’, ‘ॲज सून ॲज’ आणि ‘इफ’ यांच्या मागे, गोष्ट भविष्यातली असली तरी, ‘विल’ येत नाही. ‘व्हेन द डॉक्टर कम्स, आय’ल आस्क हिम.’ आपल्या मुली हमखास म्हणतात ‘व्हेन द डॉक्टर विल कम’. तसं होणारच, कारण ‘डॉक्टर येतील तेव्हा’मध्ये ‘येतील’ भविष्यकाळी आहे. पण आपल्याकडे दुसरं रूपही आहे, आणि मी ते शिडीसारखं वापरते: ‘डॉक्टर आले की विचारते.’ इथे ‘आले’ भूतकाळी रूपात आहे, घटना पुढची आहे, आणि कुणालाही काही खटकत नाही. ‘तुमचं जेवण झालं की गोळी देते’ तसंच ‘व्हेन यू’व्ह हॅड युअर लंच, आय’ल गिव्ह यू युअर टॅब्लेट’. ‘झालं की’ आणि ‘यू’व्ह हॅड’ शेजारी शेजारी फळ्यावर लिहिलं, की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. डिस्चार्जच्या सूचना म्हणजे ओळीने अशीच वाक्यं: ताप आला तर, टाके ओले झाले तर, पुन्हा दाखवायला याल तेव्हा. प्रत्येक वाक्यात ‘इफ यू विल’ आलं की परीक्षकाला ते पुन्हा पुन्हा ऐकू येतं.

म्हणून माझा क्रम असा: १९, २५, २०, २३, मग २१ आणि २२, शेवटी २४. मर्फींनीही पुस्तक पहिल्या धड्यापासून शेवटपर्यंत सरळ करायचं म्हणून लिहिलेलं नाही. कुठल्या धड्याची आपल्याला गरज आहे हे शोधायला मागे स्टडी गाइड दिलंय, ते बहुतेक जण उघडतही नाहीत. उघडा. तिसऱ्या परिशिष्टात भविष्याच्या सगळ्या रीती एका ठिकाणी आहेत. सातही धडे झाल्यावर ते पान भिंतीवर लावण्यासारखं आहे, पण आधीच लावलं तर त्याचाही शाळेतल्यासारखा तक्ताच होईल.

काय कमी पडतं? हॉस्पिटलच्या कागदांवरचं भविष्य या सात धड्यांत स्वतंत्रपणे कुठेच नाही. ‘द पेशंट इज टु बी रिव्ह्यूड बाय द सर्जन’, ‘शी इज ड्यू फॉर डिस्चार्ज ऑन फ्रायडे’, ‘ही इज अबाउट टु गो टु थिएटर’ असल्या वाक्यांनी केस नोट्स भरलेल्या असतात. (थिएटर म्हणजे ऑपरेशन थिएटर. सिनेमाच्या चित्रानंतर एका मुलीने हे मला खरोखर विचारलं होतं, आणि प्रश्न अगदी रास्त होता.) ‘इज टु’ म्हणजे वरून ठरवून दिलेलं, ‘ड्यू’ म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे व्हायचं आहे ते, ‘अबाउट टु’ म्हणजे आत्ता, या घडीला. ओईटीच्या पत्रात, ज्याचा सुचवलेला आकार १८० ते २०० शब्दांचा आहे, शेवटचा परिच्छेद पुढच्या डॉक्टरने किंवा नर्सने काय करायचं याबद्दलच असतो आणि तिथे ही रूपं लागतात. मार्टिन ह्यूइंग्स यांच्या हिरव्या पुस्तकात, म्हणजे याच मालिकेतल्या पुढच्या पायरीच्या पुस्तकात, ‘इज टु’ आणि ‘अबाउट टु’ येतात. पण तेवढ्यासाठी हिरवं घेऊ नका. वॉर्डातल्या नोट्स वाचून अशी वाक्यं वहीत टिपलीत तर काम भागतं.

दुसरी उणीव स्वाध्यायांची. उजव्या पानावर गाळलेल्या जागा असतात आणि मागे उत्तर. त्यामुळे मुलींचा समज होतो की प्रत्येक जागी एकच रूप बरोबर. डाव्या पानावर मर्फी स्वतः सांगतात की अंदाज बांधताना बऱ्याचदा ‘विल’ आणि ‘गोइंग टु’ दोन्ही चालतात, आणि मागच्या उत्तरांच्या किल्लीतही काही ठिकाणी दोन उत्तरं आहेत. पण गाळलेली जागा दिसली की आपली परीक्षेची सवय जागी होते. मी स्वाध्याय करून घेते आणि मग विचारते, दुसरं रूप घातलं तर बोलणारा माणूस कसा बदलेल? उत्तर तपासण्यापेक्षा या प्रश्नातून जास्त शिकायला मिळतं. घरी एकटीने अभ्यास करत असाल तर प्रत्येक स्वाध्यायाखाली आपल्या कामावरची दोन वाक्यं लिहा. पुस्तकातली माणसं सुटीवर जातात, पार्ट्या करतात, टेनिस खेळतात. ती तुमच्या वॉर्डात येणार नाहीत, तुम्हालाच आणावी लागतील.

तिसरी गोष्ट आवाजाची. छापील पुस्तकात अर्थातच आवाज नाही, आणि भविष्याच्या बाबतीत ते जाणवतं. ‘आय’ल’मधला ‘ल’ इंग्रज माणूस इतका हलका म्हणतो की आपल्याला ‘आय कॉल यू लेटर’ असं ऐकू येतं. ‘गोइंग टु’चं बोलण्यात ‘गना’ होतं. ऐकण्याच्या परीक्षेत पेशंट ‘गना’ म्हणतो आणि मुली कसला तरी वेगळा शब्द समजून वाक्य सोडून देतात. धडा वाचून झाला की इंग्लंडमधल्या नर्स-पेशंट संवादांचे व्हिडिओ ऐका आणि फक्त एवढंच टिपा: ‘ल’ होता का, ‘गना’ होतं का, की ‘-इंग’ होतं?

आणि एक प्रामाणिक सूचना. सगळं समजावणं इंग्रजीत आहे, सोपं असलं तरी इंग्रजीच. ज्यांना डावं पान एकट्याने वाचताना प्रत्येक ओळीला अडायला होतं, त्यांनी आधी मर्फींचंच लाल पुस्तक, म्हणजे ‘इसेन्शियल ग्रामर इन यूज’, घ्यावं. त्यातही भविष्याची सुरुवात ठरलेल्या गोष्टींच्या ‘-इंग’पासूनच होते, वाक्यं लहान आहेत, चित्रं जास्त आहेत. त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. तीन-चार महिन्यांत निळ्यावर येता येतं.

खरेदीबद्दल. उत्तरांसहित आणि उत्तरांशिवाय अशा दोन आवृत्त्या असतात. मुखपृष्ठ जवळपास सारखंच दिसतं, ऑनलाइन मागवताना ‘विथ आन्सर्स’ लिहिलंय ना ते वाचा. उत्तरांशिवायची वर्गात शिक्षकांसाठी बरी, एकटीने अभ्यास करणारीला निरुपयोगी. कुठेतरी झेरॉक्स करून बांधलेल्या स्वस्त प्रती मिळतात. माझ्याकडे एक मुलगी अशीच प्रत घेऊन आली होती. डाव्या पानांवर मर्फी निळ्या रंगाने जे ठळक करतात ते त्यात नुसतं करडं झालं होतं, चित्रातली माणसं काळे ठिपके झाली होती, आणि मागची किल्ली बारीक अक्षरामुळे वाचताच येत नव्हती. पैसे वाचवायचे असतील तर जुनी, वापरलेली चौथी आवृत्ती घ्या. भविष्याचे धडे तिथेही १९ ते २५ च आहेत. फक्त कुणी पेनने उत्तरं भरून ठेवलेली नाहीत ना, हे आधी उजवी पानं चाळून बघा. पेन्सिलची असतील तर खोडरबर पुरे.